वाळूतले सूक्ष्म कृमी: ओळख कशी पटवायची आणि उत्क्रांतीत त्यांची जागा कोणती

प्रश्न असा आहे. रत्नागिरीजवळच्या एका पुळणीवरची ओली वाळू धुताना सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीचा, पांढुरका, अलगद सरकत जाणारा कृमी दिसला. डोक्याच्या बाजूला चमकदार गोळीसारखं काहीतरी आहे, आतडं मात्र दिसत नाही. हा चपटा कृमी म्हणायचा का? त्याला जोडून दुसरा प्रश्न: एका पुस्तकात अशा कृमींना सगळ्या द्विपार्श्व (डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या) प्राण्यांचं मूळ म्हटलं आहे, तर दुसरीकडे ते तारामाशाचे नातलग असल्याचं लिहिलं आहे. खरं कोणतं धरायचं?

पहिल्याचं थोडक्यात उत्तर: वर्णनावरून तो एसीला गटातला (म्हणजे एसील, आतड्याची पोकळी नसलेला कृमी) असण्याची शक्यता चांगली आहे, पण प्रोसेरिएट नावाच्या खऱ्या चपट्या कृमीलाही तशीच गोळी असते. प्राणी जिवंत असताना दहा मिनिटं नीट पाहिलं तर दोघांतला फरक कळतो. दुसऱ्याचं थोडक्यात उत्तर: दोन्ही मतांमागे गंभीर पुरावा आहे, वाद मिटलेला नाही, आणि आज जगणारा कोणताही कृमी आपला पूर्वज नसतो. तो फार तर आपल्या पूर्वजाच्या भावंडांच्या वंशातला असतो.

या दोन प्रश्नांना बांधणारी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. या प्राण्यांच्या बाबतीत गेल्या दीडशे वर्षांत झालेल्या मोठ्या चुकांपैकी बऱ्याच ‘नाही’वर उभ्या होत्या. आतडं नाही, गुदद्वार नाही, देहगुहा (आतडं आणि अंगाची भिंत यांमधली पोकळी) नाही, उत्सर्जनाचा अवयव नाही, म्हणजे हा आदिम. पण एखादा अवयव नसणं दोन प्रकारे घडतं: तो वंशात कधी आलाच नसेल, किंवा येऊन गेला असेल. प्राण्याच्या अंगावर त्या दोहोंची खूण सारखीच दिसते, म्हणजे दिसतच नाही. म्हणून ओळख पटवताना आणि नातं ठरवतानाही काय आहे ते आधी शोधा. काय नाही त्याची नोंद ठेवा, पण त्यावर निकाल देऊ नका.

आता कामाकडे. सगळ्यात महत्त्वाचं: प्राणी जिवंत पाहा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वाळूचा नमुना किनाऱ्यावरच फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, रोझ बेंगॉल रंग घालतात आणि महिन्यांनी चाळून मोजणी करतात. सूत्रकृमी आणि कोपेपॉड (कोळंबीच्या नात्यातले सूक्ष्म प्राणी) यांना ही पद्धत चालते, कारण त्यांना बाहेरून कणखर आवरण असतं. एसील, चपटे कृमी, बरेचसे गॅस्ट्रोट्रिक मात्र फॉर्मॅलिन लागताच आकसतात, फुटतात किंवा गुलाबी गोळा होऊन बसतात. मग तक्त्यात ‘टर्बेलारिया’ (मोकळे राहणारे चपटे कृमी) किंवा ‘इतर’ असा एक रकाना उरतो आणि त्यात चार वेगवेगळे संघ, म्हणजे प्राण्यांचे मुख्य गट, एकत्र कोंबले जातात. किनाऱ्यावर हे प्राणी कमी आहेत असं वाटण्याचं मोठं कारण हीच पद्धत आहे.

वाळू घ्यायची ती उधाणाच्या दिवसांत, ओहोटी पुरती उतरल्यावर, पाण्याच्या रेषेजवळची. भांगाच्या दिवसांत ती पट्टी पाण्याखालीच राहते. मध्यम ते जाडसर, शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू सगळ्यात चांगली, कारण कणांमध्ये पोकळी राहते. खाडीतल्या बारीक चिखलात वेगळे प्राणी मिळतात. ते कणांमधून वाट काढण्यापेक्षा चिखल बाजूला सारत जातात. पावसाळ्यात कोकणातल्या पुळणी लाटांनी कापल्या जातात आणि गोडं पाणीही फार उतरतं. म्हणून शिकण्यासाठी नोव्हेंबर ते मे हा काळ बरा. वरच्या तीन-चार सेंटिमीटरमधली पिवळसर वाळू एका डब्यात आणि खालची करडी-काळी वाळू दुसऱ्या डब्यात ठेवा. त्या काळ्या थराला कुजक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. तो थर फेकू नका. काही संघ तिथेच भेटतात.

प्राणी कणांना चिकटून बसलेले असतात. एक लिटर पाण्यात सुमारे ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट विरघळवलं की ते समुद्राच्या पाण्याइतक्याच परासरणदाबाचं होतं आणि त्यात प्राणी गुंगीत जाऊन पकड सोडतात. मूठभर वाळू त्यात दहा मिनिटं ठेवा, भांडं गोल हलवा, वाळू खाली बसताच वरचं पाणी ६३ मायक्रोमीटरच्या, जमल्यास त्याहून बारीक जाळीतून ओता आणि जाळीवर राहिलेलं लगेच समुद्राच्या पाण्यात उतरवा. रसायन नसेल तर वाळू थोड्या समुद्राच्या पाण्यासह बरणीत भरून एक-दोन दिवस सावलीत ठेवा. प्राणवायू कमी होत गेला की बरेच प्राणी वर येतात आणि पृष्ठभागालगतचं पाणी पिपेटने उचललं की हाती लागतात.

धुण्याच्या पद्धतीवर किती अवलंबून असतं याचं सर्वांत मोठं उदाहरण लॉरिसिफेराचं. डेन्मार्कचे राइनहार्ट क्रिस्टेन्सन फ्रान्समध्ये रॉस्कॉफच्या सागरी केंद्रात शिंपल्यांच्या रेतीचा नमुना धूत होते. वेळ कमी होता म्हणून त्यांनी नेहमीची संथ पद्धत सोडून नमुना गोड्या पाण्याने धुतला. त्या धक्क्याने कणांना घट्ट चिकटलेले प्राणी सुटून आले आणि १९८३ साली प्राण्यांचा एक पूर्ण नवा संघ जाहीर झाला. त्याआधी त्याच किनाऱ्यावरची रेती कित्येक जाणकारांनी धुतली होती.

आता डिशमध्ये जे हलतंय ते पाहू. पहिली खूण चालीची. जो कृमी ताठ, एकाच प्रतलात आळीपाळीने वाकतो, लांबी कमी-जास्त करत नाही आणि मोकळ्या पाण्यात नुसता तडफडतो, तो सूत्रकृमी. त्याच्या अंगात फक्त लांबीच्या दिशेचे स्नायू असतात आणि बाहेर कडक आवरण असतं, म्हणून त्याला दुसरी चाल जमत नाही. वाळूतल्या आणि चिखलातल्या सूक्ष्म प्राण्यांत बहुतेक वेळा सर्वांत मोठी संख्या यांचीच असते. त्यांना ओळखून बाजूला केलं की डोळे मोकळे होतात.

जो कृमी कोणतीही वळवळ न करता सरकतो, तो रोमकांवर, म्हणजे अंगावरच्या हलत्या सूक्ष्म केसांवर, चालतो आहे. तुमचा कृमी यातला. इथे मोठं भिंग लावा आणि रोमक कुठे आहेत ते पाहा. ते फक्त पोटाकडून असतील, अंगाच्या कडेला आणि शेपटीला बारीक नळ्या असतील आणि त्यांनी प्राणी क्षणात चिकटून क्षणात सुटत असेल, तर तो गॅस्ट्रोट्रिक. त्याचं आतडं तोंडापासून सरळ मागे जाताना स्पष्ट दिसतं. काळ्या थरातून आलेला, दोऱ्यासारखा, संथ सरकणारा आणि तोंडात कठीण जबड्यांची जोडी असलेला प्राणी म्हणजे नॅथोस्टोम्युलिड. पीटर आक्स यांनी १९५६ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला चपट्या कृमींत ठेवलं होतं. रूपर्ट रीडल यांनी १९६९ साली त्याला स्वतंत्र संघ मानलं. त्याच्या त्वचेच्या प्रत्येक पेशीवर एकच रोमक असतो, चपट्या कृमींच्या पेशीवर पुष्कळ. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजणं अवघड आहे, पण जबडे फसवत नाहीत.

अंगाला दृढरोम (ताठ राठ केस) असतील किंवा डोक्याला दोन संस्पर्शक असतील तर वलयी प्राण्यांकडे, म्हणजे गांडुळाच्या नातलगांकडे, वळा. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत राहिलेला, अंगावर कड्यांसारखे विभाग असलेला आणि काट्यांचं डोकं आत-बाहेर करणारा प्राणी किनोरिंक. त्याला रोमक चालवतच नाहीत.

उरले ते सर्वांगावर रोमक असलेले मऊ कृमी, आणि गोंधळ नेमका इथे होतो. तुम्ही पाहिलेली गोळी म्हणजे स्टॅटोसिस्ट, तोल कळण्याचं इंद्रिय: एक लहानशी पुटी आणि तिच्यात जड खडा. ती कोणाकोणात असते? एसीलांत पुटी एक आणि खडा एक. त्यांच्या जवळच्या नेमर्टोडर्माटिडांत पुटी एक आणि खडे बहुधा दोन. प्रोसेरिएट चपट्या कृमींतही मेंदूजवळ एक पुटी आणि एक खडा. ऑटोटिफ्लोनेमर्टीस या वाळूतल्या नेमर्टीय कृमीत दोन वेगळ्या पुट्या, मेंदूच्या दोन बाजूंना. म्हणजे नुसती ‘गोळी आहे’ ही नोंद चार वेगळ्या दिशांना नेऊ शकते. पुट्या किती, खडे किती आणि पुटी डोक्याच्या टोकापासून किती आत, ही तीन निरीक्षणं लिहिली की नोंद कामाची होते.

एसील आणि प्रोसेरिएट यांत फरक करायला मी घशाकडे पाहतो. प्रोसेरिएटचा घसा ही एक स्पष्ट, स्नायूंची, मागे तोंड करून बसलेली नळी असते, बहुधा अंगाच्या मागच्या अर्ध्यात, आणि तिच्यामागे-पुढे आतड्याची पोकळी दिसते. शेपटीला चिकट गाठींची रांगही असते. लाटा फुटतात त्या पट्ट्यातल्या जाडसर वाळूत ऑटोप्लाना हे चपळ प्रोसेरिएट इतके असतात की जर्मनीत कीलच्या आडोल्फ रेमाने यांनी त्या पट्ट्यालाच त्यांचं नाव दिलं. एसीलात बहुतेक वेळा घसा नसतोच. पोटाकडच्या तोंडातून अन्न सरळ मधल्या ऊतीत शिरतं. आतड्याची पोकळी नसल्यामुळे खाल्लेले डायाटम (एकपेशीय शैवाल) किंवा छोटे कोपेपॉड त्या ऊतीतल्या पोकळ ठिपक्यांत अडकलेले दिसतात. जिवंत एसील पाण्याच्या थेंबासारखा आकार बदलतो, पुढचं टोक इकडेतिकडे चाचपत राहतो, आणि कव्हरस्लिपखाली थोडं दाबलं की मधला भाग दाणेदार आणि कडा स्वच्छ दिसते.

हे दाबणं हलक्या हाताने करायचं. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना प्लॅस्टिसिनचे किंवा मेणाचे बारीक ठिपके लावा आणि टिपकागदाने कडेचं पाणी हळूहळू ओढा. प्राणी सपाट होत जातो, आतले अवयव एकेक करून स्पष्ट होतात, आणि मग कधीतरी तो फुटतो. त्याआधी मोबाइलने आयपीसमधून व्हिडिओ घेऊन ठेवा. एखाद्या तज्ज्ञाला पाठवायला बाटलीतल्या दहा नमुन्यांपेक्षा असा एक चांगला व्हिडिओ जास्त उपयोगाचा ठरतो.

जातीपर्यंत पोचायचं असेल तर पूर्ण वाढलेला प्राणी हवा. एसील उभयलिंगी असतात आणि त्यांच्या जाती मुख्यतः मीलनाच्या अवयवांवरून ठरतात: शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीचं कठीण तोंड आहे का, नराच्या अवयवाभोवती स्नायू की सुया. पिल्लांवर जातीचं नाव लिहिण्यात अर्थ नाही. गटाचं नाव लिहून थांबा. ज्यांना समुद्रकिनारा दूर आहे त्यांनाही एसील भेटू शकतो. मुंबई-पुण्यात खाऱ्या पाण्याचे प्रवाळ पाळणारे हौशी लोक ज्या तांबूस ‘लाल फ्लॅटवर्म’ला वैतागतात, तो बहुतेक वेळा कॉन्व्होल्युट्रिलोबा असतो, म्हणजे एसील. त्यातल्या रेट्रोजेमा या जातीला शरीराच्या मागच्या टोकाला पिल्लाचा कोंभ येतो आणि त्या पिल्लाचं डोकं आईच्या डोक्याच्या बरोबर उलट दिशेला असतं. जिवंत शरीराची दिशा मध्येच उलटी कशी होते, हा प्रश्न मला आजही रोमांचित करतो, आणि तो पाहायला घरातली टाकी पुरते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. एसीला हा गट रशियन प्राणिशास्त्रज्ञ उल्यानिन यांनी १८७० मध्ये वेगळा काढला. तेव्हापासून पुढची शंभरावर वर्षं तो चपट्या कृमींच्या संघात राहिला, पण आत राहूनही त्याच्यावर फार मोठ्या गोष्टी उभ्या राहिल्या. एक मत असं की जेलीफिशच्या प्लॅन्युला अळीसारखा जीव तळाला उतरून सरपटू लागला आणि त्यातून एसीलासारखा पहिला द्विपार्श्व प्राणी झाला. अमेरिकेतल्या लिबी हायमन यांनी हे मत उचलून धरलं. युगोस्लाव्हियाचे योव्हान हाजी आणखी पुढे गेले: अनेक केंद्रकांच्या रोमकधारी एकपेशीय जीवाच्या आत भिंती पडल्या आणि एसील झाला, असं त्यांनी मांडलं. एसीलाच्या मधल्या ऊतीत पेशींच्या सीमा दिसत नाहीत हा त्यांचा मोठा आधार होता. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिलं तेव्हा एसीलाचं अंग बहुतांशी स्वतंत्र पेशींचं निघालं आणि तो आधार गेला. सीमा दिसत नव्हत्या, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्याच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९७०-८० च्या दशकांत रोमकांच्या टोकाची आणि मुळांची रचना दाखवली. ती एसील आणि नेमर्टोडर्माटिडांत सारखी आणि इतर चपट्या कृमींपेक्षा वेगळी होती. टर्बेलारिया हा एकसंध गट आहे का, ही शंका १९८६ पर्यंत शरीररचनेच्या अभ्यासकांनी छापून मांडली होती, डीएनएचे निकाल यायच्या कितीतरी आधी. हे मुद्दाम सांगतो, कारण सूक्ष्मदर्शकाचं काम आता संपलं असं अनेक विद्यार्थ्यांना वाटतं.

मग १९९९ साली बार्सिलोनाच्या गटाने १८एस आरआरएनए या सर्व प्राण्यांत सापडणाऱ्या जनुकाच्या आधारे जाहीर केलं की एसील हे चपटे कृमी नाहीतच. ते उरलेल्या सगळ्या द्विपार्श्व प्राण्यांच्या बाहेर, सर्वांत आधी फुटलेल्या फांदीवर आहेत. इथे एक तांत्रिक अडचण समजून घ्यावी लागते, कारण आजचा वादही तिच्याभोवतीच आहे. एसीलांची जनुकं फार वेगाने बदलतात. डीएनएची अक्षरं चारच. दोन वंश वेगाने बदलत गेले की बऱ्याच जागी निव्वळ योगायोगाने दोघांत तेच अक्षर येतं आणि संगणक त्या योगायोगाला नातं समजतो. तुलनेसाठी घेतलेला बाहेरचा, दूरचा गटही लांब फांदीवर असतो. त्यामुळे वेगाने बदलणारा प्राणी झाडाच्या बुंध्याकडे ओढला जातो आणि खोटाच प्राचीन दिसू लागतो. बार्सिलोनाच्या गटाला हे माहीत होतं. म्हणून त्यांनी बऱ्याच एसीलांतून सावकाश बदललेली पॅराटोमेला रुब्रा ही जात निवडून निकाल तिच्यावर बेतला.

दरम्यान स्वीडनमधून आणखी एक पात्र आलं. झेनोटर्बेला बॉकी हा दोन-तीन सेंटिमीटरचा, पिवळट, कसलेही अवयव नाहीत असं वाटणारा कृमी सिक्स्टेन बॉक यांना १९१५ मध्ये स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या चिखलात मिळाला. आइनार वेस्टब्लाड यांनी १९४९ मध्ये त्याचं वर्णन केलं. १९९७ साली त्याच्या डीएनएवरून आणि अंगात सापडलेल्या अंड्यांवरून तो चक्क मृदुकाय प्राणी, शिंपल्यांचा नातलग, असल्याचं प्रसिद्ध झालं. २००३ मध्ये उलगडा झाला: झेनोटर्बेला शिंपले खातो आणि तपासलेला डीएनए त्याच्या पोटातल्या जेवणाचा होता. स्वतःचा डीएनए वेगळा काढल्यावर तो कंटकचर्मी (तारामासे वगैरे), अर्धसमपृष्ठरज्जू (बॅलॅनोग्लॉससारखे कृमी) आणि आपण ज्या मोठ्या गटात येतो त्या ड्युटेरोस्टोम प्राण्यांजवळ बसला. २०१३ मध्ये त्याची पिल्लं वाढताना प्रत्यक्ष पाहिली गेली. शिंपल्याच्या अळीशी त्यांचं काहीच साम्य नव्हतं. ती थेट वाढणारी, तोंड नसलेली, एसीलांच्या पिल्लांसारखी होती.

म्हणून तुमच्या कृमीचा डीएनए काढायचा असेल तर त्याला आधी गाळलेल्या स्वच्छ समुद्राच्या पाण्यात एक-दोन दिवस उपाशी ठेवा आणि पाणी बदलत राहा. मगच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका. निकाल एखाद्या डायाटमचा किंवा कोपेपॉडचा आला तर दचकू नका, त्याने काय खाल्लं ते कळलं. नेहमी वापरतात ते सीओआय जनुकाचे सार्वत्रिक प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग वाढवायला लागणारे छोटे तुकडे) एसीलांत बऱ्याचदा चालत नाहीत. सुरुवात १८एसपासून करणं शहाणपणाचं.

झेनोटर्बेला आणि एसील-नेमर्टोडर्माटिड हे एकमेकांचे सख्खे आहेत हे आता जवळजवळ सर्वमान्य आहे. या एकत्रित गटाला झेनॅसीलोमॉर्फा म्हणतात. वाद आहे तो या अख्ख्या गटाच्या जागेबद्दल. २०११ मध्ये एका मोठ्या विश्लेषणाने त्यांना ड्युटेरोस्टोमांत नेलं. २०१६ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी आले. त्यांतल्या एकात पॅसिफिकच्या खोल समुद्रातल्या झेनोटर्बेलाच्या चार नव्या जाती होत्या आणि त्यातली मॉन्स्ट्रोसा ही जात वीस सेंटिमीटरपर्यंत वाढते. दोन्ही अभ्यासांनी गटाला पुन्हा सगळ्या द्विपार्श्व प्राण्यांच्या बुंध्याशी ठेवलं. २०१९ मध्ये, लांब फांद्यांचा दोष कमी करण्याची काळजी घेऊन केलेल्या विश्लेषणाने त्यांना कंटकचर्मी आणि बॅलॅनोग्लॉसस यांच्या शेजारी बसवलं. तुम्ही तारामाशाबद्दल वाचलं ते हेच.

दोन्ही जागांमधला फरक फार मोठा आहे. गट बुंध्याशी असेल तर पहिला द्विपार्श्व प्राणी साधा होता असं मानायला जागा मिळते: एकच तोंड, गुदद्वार नाही, उत्सर्जनाचा वेगळा अवयव नाही, देहगुहा नाही, आणि या गोष्टी नंतर आल्या. गट तारामाशाशेजारी असेल तर याच कृमींच्या पूर्वजांकडे आरपार आतडं, देहगुहा आणि बहुधा कल्लाविदरेही (घशाच्या बाजूची कल्ल्यांची भोकं) होती आणि त्यांनी ती सगळी गमावली. कल्लाविदरे बॅलॅनोग्लॉससमध्ये आहेत आणि आपल्या समपृष्ठरज्जू संघातही आहेत, म्हणून त्यांचा उगम त्या दोघांच्या समाईक पूर्वजापर्यंत मागे जातो असं मानतात. अर्ध्या मिलिमीटरचा हा जीव सांगतो त्यावर आपल्या सर्वांच्या त्या पहिल्या पूर्वजाचं चित्र बदलतं. यासाठीच मी या प्राण्यांमागे आयुष्य घातलं.

माझं मत विचाराल तर, मी आज तारामाशाच्या बाजूकडे थोडा झुकलेला आहे. कारण असं की लांब फांद्यांचा दोष नेहमी एकाच दिशेला, बुंध्याकडे, ढकलतो. दोष कमी करत नेला की गट बुंध्यापासून दूर सरकत असेल, तर ते मला महत्त्वाचं वाटतं. २०२४ मध्ये झेनोटर्बेला बॉकीचा जीनोम प्रसिद्ध झाला. जनुकांच्या भांडवलात तो काही कंगाल नाही. इतर द्विपार्श्व प्राण्यांत सापडतं ते बरंचसं त्याच्याकडेही आहे. पण उलट बाजूचे पुरावेही मी झटकून टाकत नाही. एसीलांत उत्सर्जन पचनाच्या ऊतीतूनच सक्रियपणे होतं हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं, आणि वेगळा अवयव येण्याआधीची स्थिती अशीच असावी हे म्हणणं पटण्यासारखं आहे. तुमच्या पुस्तकात एकच झाड छापलं असेल, तर त्या फांदीशेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा.

साधेपणावरून प्राचीनत्व ठरवण्याची खोड एसीलांपुरती नाही. वाळूतल्या वलयी कृमींचंच पाहा. प्रोटोड्रायलस, पॉलिगॉर्डियस, सॅकोसिरस यांच्याकडे बाकीच्या वलयी प्राण्यांसारखे अंगाबाहेर आलेले पायांसारखे भाग नीटसे नाहीत, काहींना दृढरोमही नाहीत. एकोणिसाव्या शतकात त्यांचा ‘आर्किअ‍ॅनेलिडा’, म्हणजे आद्य वलयी, असा गट करून ठेवला. आपल्या देशातही त्या नावाखाली चांगलं काम झालं. मद्रासच्या किनाऱ्यावरच्या सॅकोसिरसचं वर्णन गोपाल अय्यर आणि अलिकुन्ही यांनी १९४४ मध्ये केलं, पुढे गणपती आणि चंद्रशेखर राव यांनी विशाखापट्टणमजवळच्या वॉल्टेअर किनाऱ्याच्या वाळूतली जीवसृष्टी उलगडली. ती वर्णनं आजही वापरावी लागतात इतकी काटेकोर आहेत. गट मात्र टिकला नाही. २०१५ च्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की हे कृमी वेगवेगळ्या वंशांतून वाळूत शिरले: काही मोठ्या पूर्वजांपासून हळूहळू लहान होत गेले, तर काहींची वाढ अळीच्या किंवा पिल्लाच्या अवस्थेतच थांबली आणि तेवढ्याच अंगाने ते प्रजननक्षम झाले. कणांमधल्या फटीत राहायचं तर लहान, सडपातळ, चिकट आणि रोमकधारी होणं फायद्याचं. तीच गरज पुन्हा पुन्हा तेच रूप घडवते, आणि त्या रूपावरून नातं काढायला गेलं की फसगत होते.

जीवाश्मांतही तेच. चीनमधल्या शांक्सी प्रांतातला सॅकोरायटस हा सुमारे ५३.५ कोटी वर्षांपूर्वीचा, मिलिमीटरभर अंगाचा पिशवीसारखा प्राणी. २०१७ मध्ये त्याच्या अंगावरची भोकं कल्लाविदरांसारखी मानून त्याला आद्य ड्युटेरोस्टोम म्हटलं गेलं आणि जगभर ‘माणसाचा सर्वांत जुना पूर्वज’ अशा बातम्या झाल्या. २०२२ मध्ये अधिक चांगले नमुने तपासल्यावर दिसलं की ती भोकं म्हणजे मोडून पडलेल्या काट्यांच्या जागा होत्या. गुदद्वार त्याच्याकडेही सापडलं नाही. आता तो सूत्रकृमी आणि कीटक ज्या कात टाकणाऱ्या गटात येतात तिकडे गेला आहे.

तुमच्या कृमीकडे परत येतो. पुढच्या उधाणाला तीच जागा, तीच वाळू घ्या. पाच-सहा प्राणी जिवंत पकडा. प्रत्येकाची लांबी सरकत असताना मोजा, आकसलेला असताना नाही. पुटीतले खडे मोजा. मागच्या अर्ध्यात घशाची नळी दिसते का ते दाबून पाहा. दिसली तर प्रोसेरिएट, नाही दिसली आणि मधली ऊत दाणेदार, पोकळीविना असेल तर एसील. खडे दोन असतील तर मला नक्की कळवा, कारण मग तो नेमर्टोडर्माटिड असू शकतो. दोन-तीन प्राणी उपाशी ठेवून अल्कोहोलमध्ये, उरलेले मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये पूर्ण सैल पडल्यावर चार टक्के बफर केलेल्या फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवा. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका: ठिकाण, तारीख, भरतीरेषेपासून अंतर, वाळूची खोली. जात नवी असल्याची शंका आली तर नमुना परदेशी पाठवण्याआधी जैवविविधता कायद्याखालची परवानगी लागते हे तुमच्या प्राध्यापकांना विचारून घ्या आणि प्रमाण नमुना भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे जमा होईल हे पाहा. कोकण-गोव्याच्या पुळणींवरच्या सूत्रकृमींवर बरंच काम झालं आहे. एसीलांवर त्या मानाने फारच थोडं, आणि ते भरून काढायला बारीक जाळी, एक बरा सूक्ष्मदर्शक आणि जिवंत प्राण्यासमोर तासभर बसण्याची तयारी एवढं लागतं.